सहीची किंमत



कामगार चळवळीतल्या माणसाने विमानावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. जे झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि रात्री उसन्या पुस्तकांतून. पण तिथे एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो. यंत्र कोणतेही असो, शेवटी कागदावर कुणीतरी सही करतो आणि त्या सहीवर इतरांचे जीव टांगलेले असतात.

अमेरिकेतले उदाहरण घेऊ. सेस्ना 172 हे चार आसनांचे छोटे विमान तिकडे पुष्कळ आहे, आणि त्यांतली कित्येक आता म्हातारी झाली आहेत. मालकाला वाटते, जुनी घड्याळे काढून दुसऱ्या कंपनीचा नवा इलेक्ट्रॉनिक पडदा बसवावा. पडद्यावर ‘टीएसओ’चा छाप असतो. मालक म्हणतो, छाप आहे ना, मग बसवा! घोटाळा होतो तो इथेच. वस्तू किमान कसोटीला उतरली, एवढेच तो छाप सांगतो. ती याच विमानात बसवावी, असे सांगत नाही. त्यासाठी निराळी मंजुरी लागते. ‘एसटीसी’ ही त्यांतलीच एक. शिवाय विजेचा भार पेलतो का, वजनाचा तोल ढळतो का, होकायंत्र बहकते का, हे पाहून नोंदवहीत लिहावे लागते. बदल मोठा असेल तर 337 क्रमांकाचा फॉर्म भरून सरकारकडे धाडावा लागतो.

आपण विचाराल, हे कागदी घोडे कशासाठी? 2 सप्टेंबर 1998 रोजी न्यूयॉर्कहून जिनीव्हाला निघालेले स्विसएअरचे विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळले. 229 माणसे गेली. विमान मोठे होते, पण धडा छोट्यालाही लागू आहे. प्रवाशांच्या करमणुकीची यंत्रणा त्यात मागाहून बसवली होती, आणि तिला एसटीसी मिळालेली होती! चौकशीत दिसले ते असे: आग बहुधा तारेतल्या ठिणगीने लागली, ठिणगी उडाल्याच्या खुणा असलेली एक तार याच यंत्रणेची होती, आणि केबिनची वीज तोडणारे बटण दाबले तरी या यंत्रणेची वीज तुटत नव्हती. कागद होता, ‘बटण दाबले तर काय होईल?’ हा प्रश्न वेळीच कुणी धसाला लावला नाही.

म्हणजे नियम वाढवत जावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. नियम फार जड झाला की मालक जुनेच उपकरण वापरीत राहतो. म्हणूनच अमेरिकेच्या विमान खात्याने 2016 साली छोट्या विमानांतील सुरक्षितता वाढवणाऱ्या काही ऐच्छिक उपकरणांसाठी वाट सोपी केली. ते योग्यच झाले.

प्रश्न उरतो सही करणाऱ्याचा. एका कारखान्यात सुरक्षा-झडप न तपासता चिठ्ठीवर सही करायला एका फिटरने नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्याची बदली झाली. आम्ही भांडलो, त्याला परत आणले. पण त्या दिवसांत इतरांनी मुकाट्याने सह्या केल्या, हे आम्ही विसरलेलो नाही.

बंधूंनो, ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या ‘हो’ला काय किंमत? नियम सरकार लिहील. पण नाही म्हणणाऱ्या कामगाराच्या पाठीशी उभे राहणे हे तुमचे-आमचे काम आहे.