तीन आणि चार मिळून पाच

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त बडोदे येथे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बल, गती आणि सदिश या विषयावर मराठीच्या अध्यापकाने बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. गणिताचा अधिकार माझा नाही. परंतु भौतिकशास्त्राच्या पहिल्या पायरीवर विद्यार्थी अडखळतो तो पुष्कळदा शब्दापाशी, आणि शब्द हा माझ्या कक्षेतला विषय आहे. एवढ्याच आधारावर मी आपणांपुढे उभा आहे.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. नर्मदेच्या काठी चांदोदला आपणांपैकी अनेकजण नावेत बसले असतील. समजा, प्रवाह ताशी ३ किलोमीटर वेगाने वाहतो आहे आणि स्थिर पाण्यात नाव ताशी ४ किलोमीटर जाऊ शकते. नाव प्रवाहाबरोबर सोडली, तर काठावरून पाहणाऱ्यास ती ताशी ७ किलोमीटर जाताना दिसेल. प्रवाहाविरुद्ध वल्हवली, तर अवघी १ किलोमीटर. आणि नावेचे तोंड नाकासमोर पैलतीराकडे धरले, तर ती तिरकी जाईल व तिचा वेग ताशी ५ किलोमीटर भरेल. पात्र ४०० मीटर रुंद असेल तर ६ मिनिटांत ती पैलतीरी लागेल खरी, पण समोरच्या घाटाच्या ३०० मीटर खाली. म्हणून अनुभवी नावाडी नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगास वळवून धरतो. मग पलीकडे जाण्याचा वेग ताशी सुमारे २.६ किलोमीटरच उरतो, ६ मिनिटांऐवजी ९ मिनिटे लागतात. पण नाव नेमकी घाटाला लागते.

तीन आणि चार मिळून कधी सात, कधी एक, कधी पाच! ज्या राशींची बेरीज दिशा विचारल्यावाचून करता येत नाही, त्या सदिश राशी. ‘सजीव’, ‘सफल’ या शब्दांत जो ‘स’ आहे, तोच येथे आहे : दिशेसह असलेली ती सदिश. तपमान, वस्तुमान, वेळ यांना दिशा नसते. त्या अदिश राशी. नुसती चाल अदिश, दिशेसहित वेग सदिश. सायकलवरून तुम्ही एका चालीने गोल वळण घेता, तेव्हा चाल बदलत नाही. वेग मात्र क्षणोक्षणी बदलतो, कारण दिशा बदलते. वेग बदलतो म्हणजे त्वरण आहे, आणि त्वरण आहे म्हणजे बल कार्य करीत आहे. रस्ता ओला असला की वळणावर सायकल घसरते, कारण वळवणारे बल चाकाला जमिनीच्या घर्षणातून मिळत असते व ओल्या रस्त्यावर ते अपुरे पडते.

आता शब्दांकडे वळू. साहित्याला समानार्थी शब्द प्रिय असतात. बल, जोर, शक्ती, ताकद, सामर्थ्य या शब्दांना आम्ही भाषेचे वैभव म्हणतो. भौतिकशास्त्रात मात्र बल न्यूटनमध्ये मोजतात आणि शक्ती वॅटमध्ये. एकाच्या जागी दुसरा शब्द आला की विधानच खोटे ठरते. ‘जडत्व’ हा असाच एक शब्द. घरी ‘जड’ म्हणजे वजनदार. म्हणून विद्यार्थ्यास वाटते की जडत्व म्हणजे जागचे न हलणे. वस्तुतः जडत्व म्हणजे आहे ती अवस्था न सोडण्याची वृत्ती. थांबलेली वस्तू थांबून राहू पाहते, तद्वत चाललेली वस्तू सरळ रेषेत चालत राहू पाहते. बस एकाएकी थांबली की उतारू पुढे फेकले जातात, ते याच कारणाने.

याहून खोलवर रुजलेला गैरसमज एका साध्या वाक्यात दडलेला आहे. अंगणात घरंगळणारा चेंडू थांबला, की आपण म्हणतो, ‘त्यातला जोर संपला.’ या वाक्यात एक अख्खा सिद्धांत आहे, आणि तो चुकीचा आहे! चेंडूत जोर भरलेला नव्हता व तो संपलाही नाही. जमिनीचे घर्षण त्याच्या गतीच्या उलट दिशेने कार्य करीत होते, म्हणून तो थांबला. गती टिकवण्यास बल लागत नाही. गती बदलण्यास लागते. हे ओळखण्यास मनुष्यजातीस गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्या काळापर्यंत थांबावे लागले.

उत्तरायणाच्या दिवशी आपल्या शहराचे आकाश पतंगांनी भरून जाते. हवेत स्थिर झालेल्या पतंगावर कोणतेच बल नसते का? त्यावर तीन बले असतात : वजन खाली, दोरीचा ताण खाली आणि उडवणाऱ्याच्या दिशेने, वाऱ्याचा रेटा वर आणि पलीकडे. या तिघांची सदिश बेरीज शून्य होते, म्हणून पतंग स्थिर. दोरी कापली की तिघांतले एक बल नाहीसे होते, तोल मोडतो आणि पतंग भरकटत जातो.

आपल्या शहरातील अनेक मराठी मुले आज गुजराती वा इंग्रजी माध्यमातून शिकतात. यात मला तक्रारीचे कारण दिसत नाही. उलट एक लाभ दिसतो. गुजरातीत त्वरणाला ‘प्रवेग’ म्हणतात. वेगाशी असलेले नाते त्या शब्दातच उघड होते. संवेगाला तेथे ‘वेगमान’ म्हणतात. चालीला मात्र ‘झडप’ म्हणतात, आणि मराठी कानाला त्या शब्दासरशी घार दिसू लागते! ज्या नगरीत १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ या कोशाने राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांतून शेजारी-शेजारी मांडले, तेथे अशी तुलना परकी वाटू नये.

मला चिंता आहे ती वेगळी. मूल नियम एका भाषेत पाठ करते आणि चेंडूविषयी दुसऱ्या भाषेत बोलते. परीक्षेत ते न्यूटनचा पहिला नियम बिनचूक लिहिते, आणि घरी येऊन ‘जोर संपला’ असेच मानते. मनाचे असे दोन कप्पे झाले की गुण मिळतात, पण समज येत नाही. गैरसमज ज्या भाषेत वसतो, त्या भाषेत जाऊनच तो दूर करावा लागतो.

गॅलिलिओचा गतीविषयक ग्रंथ १६३८ साली लायडन येथे छापला गेला. त्यातील गतीचे सिद्धांत त्याने विद्वानांच्या लॅटिन भाषेत मांडले. पण त्यांवर तीन मित्र जो वाद करतात, शंका काढतात, तो संवाद त्याने आपल्या लोकांच्या इटालियन भाषेत लिहिला. नियम कोणत्याही भाषेत शिकता येतो. शंका मात्र आपल्या भाषेत फुटते. हे त्या ग्रंथाच्या रचनेवरून मी शिकलो.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयापुढे एक सूचना ठेवतो. महिन्यातून एकदा येथील वाचनकक्षात विद्यार्थ्यांची बैठक भरवावी. पुस्तके इंग्रजी असोत, गुजराती असोत वा मराठी. फळ्यावरची सूत्रे कोणत्याही लिपीत असोत. चर्चा मात्र मराठीत व्हावी, आणि तीत घरच्या वडीलधाऱ्यांनाही बसता यावे. कथा-कादंबऱ्यांनी आपल्या भाषेला येथे शंभर वर्षे जिवंत ठेवले. पुढील काळात ज्या भाषेत विचार करता येतो, तीच घरात टिकेल.

पहिल्या बैठकीसाठी प्रश्नही सुचवतो. सरळ वर फेकलेला चेंडू अगदी माथ्यावर क्षणभर थबकतो. त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. मग त्याचे त्वरणही शून्य असते का? नसते, ते खालच्या दिशेने दर सेकंदास सेकंदाला ९.८ मीटर एवढेच असते. असे का, ते आपल्या आजीला पटेल अशा मराठीत ज्याला सांगता येईल, त्याला गतीचे नियम खऱ्या अर्थाने कळले, असे मी समजेन.