कर्बाचे मोल आणि सोलापूरची वीज



२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सीना नदीला आलेला पूर सोलापूर जिल्ह्याच्या स्मरणातून लवकर जाणार नाही. करमाळा, माढा, मोहोळ आणि उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना पाण्याने वेढले. उभी पिके बुडाली आणि कित्येक शेतांतील माती खरवडून निघाली. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा अवर्षणप्रवण जिल्हा. पाण्याचा टँकर आणि चाऱ्याची छावणी त्याच्या ओळखीची. बोटीतून माणसे बाहेर काढण्याचा प्रसंग मात्र विरळाच म्हणावा लागेल.

त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून देशात आणखी एक गोष्ट घडली. कोळशावर टनामागे आकारला जाणारा ४०० रुपयांचा उपकर रद्द झाला. या दोन घटनांचा परस्परांशी सरळ कार्यकारणसंबंध नाही, आणि कोणत्याही एका पुराचे खापर धुराच्या एका नळकांड्यावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थोड्या वेळात अतोनात पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढतात, हे आता सिद्ध झाले आहे. तापमानवाढीचे मुख्य कारण म्हणजे कोळसा व तेल जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड, अर्थात कर्बवायू. त्याची किंमत कोणीतरी चुकवीतच असते. ती कोळसा जाळणाऱ्याच्या खात्यावर पडावी की सीनाकाठच्या शेतकऱ्याच्या, हाच कर्बमूल्याच्या धोरणामागील मूळ प्रश्न होय.

कोळशाचा हिशेब

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी व आहेरवाडीच्या परिसरात राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचे मोठे वीज केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण क्षमता १,३२० मेगावॉट. पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. कोळसा रेल्वेने येतो, पाणी उजनीचे लागते. अशा प्रकारचे केंद्र पूर्ण क्षमतेने तासभर चालले तर ढोबळमानाने आठशे टन कोळसा जळतो आणि सुमारे बाराशे टन कर्बवायू वातावरणात जातो. उपकराच्या दराने त्या एका तासाचे ३ लाख २० हजार रुपये होत, म्हणजे कर्बवायूच्या टनामागे सुमारे २७० रुपये आणि विजेच्या युनिटमागे सुमारे २४ पैसे. कोणी त्याला तसे नाव दिले नसले, तरी भारताचे हे एक प्रकारचे कर्बमूल्यच होते.

हा उपकर २०१० साली टनाला ५० रुपये या दराने सुरू झाला. २०१४ मध्ये तो १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. त्याचा पैसा स्वच्छ ऊर्जेच्या राष्ट्रीय निधीकडे जावा, असा मूळ हेतू होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर हा पैसा राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळला. २०२५ मध्ये उपकर गेला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला.

वरवर पाहता एक कर गेला आणि दुसरा वाढला. परंतु हिशेब तितका सरळ नाही. टनाला २,००० रुपये किमतीच्या कोळशावर पूर्वी कर व उपकर मिळून ५०० रुपये पडत, आता ३६० पडतात. ४,००० रुपयांच्या कोळशावर पूर्वी ६०० पडत, आता ७२० पडतात. स्वस्त कोळसा बहुधा हलक्या प्रतीचा, राखेचा असतो व तेवढीच वीज काढण्यास तो अधिक जाळावा लागतो. त्याचा भार घटला आणि चांगल्या प्रतीच्या कोळशाचा वाढला. कर मालाच्या किमतीवर बसविणे आणि मालातील कर्बावर बसविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

राज्याच्या हाती काय आहे?

कोळशाच्या खाणी महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नागपूरकडे आहेत. पण कोळशावरील कराचे सूत्र प्रामुख्याने केंद्राच्या हाती आहे. कर्बवायूच्या पतपत्रांचा व्यवहार सुरू करणारी योजनाही केंद्राचीच. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातील दुरुस्तीनंतर ती २०२३ मध्ये अधिसूचित झाली. सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद, वस्त्रोद्योग इत्यादी क्षेत्रांतील मोठ्या कारखान्यांचा तिच्यात समावेश आहे. औष्णिक वीज केंद्रांचा सुरुवातीला नाही.

मग राज्याने काय करावे? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५३ व्या क्रमांकाची एक छोटी नोंद आहे : विजेच्या वापरावरील किंवा विक्रीवरील कर. राज्याचा खरा अधिकार येथे आहे, आणि महाराष्ट्राने तो वापरलाही आहे. २०२५ मध्ये उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या विजेवर युनिटमागे काही पैशांचा वाढीव विक्रीकर लावून तो पैसा शेतकऱ्यांच्या सौर कृषिपंपांसाठी वापरण्याचा निर्णय राज्याने घेतला. कर एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने स्वच्छ ऊर्जेला देण्याची ही पद्धत कर्बमूल्याच्या अगदी जवळची आहे. तिच्यात उणीव एवढीच की हा कर प्रत्येक युनिटवर सारखाच बसतो. ते युनिट कोळशातून आले की उन्हातून, याची तो चौकशी करीत नाही. कोळशाच्या युनिटला अधिक व सौर युनिटला कमी, असा भेद जोपर्यंत होत नाही, तोपर्यंत त्या कराने निधी जमेल, पण कारखानदाराचा कल बदलणार नाही.

सीमेवरचा जिल्हा

राज्याने एकट्याने कर्बमूल्य लावण्यात एक अडचण आहे, आणि ती सोलापुराइतकी अन्यत्र क्वचितच जाणवेल. पूर्वेस कलबुर्गी, दक्षिणेस विजयपूर. यंत्रमाग म्हणजे डोंगर नव्हे. अक्कलकोटपलीकडे वीज स्वस्त मिळाली तर तो हलू शकतो. विजेचेही तसेच. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे देशाच्या उर्वरित जाळ्याशी एका वारंवारितेत जोडले गेले. त्या दिवसापासून सोलापूर हा देशाच्या वीजव्यवहारातील एक सांधा झाला. एका राज्याने आपल्या कोळशाच्या विजेवर भार टाकला, तर शेजारच्या राज्यातील कोळशाची वीज त्याच तारांतून येऊ शकते. धूर तेवढाच राहील, फक्त त्याचा पत्ता बदलेल. म्हणून हा भार निर्मितीच्या ठिकाणी न टाकता राज्यात वापरल्या जाणाऱ्या विजेवर टाकणे आणि शेजारच्या राज्यांशी सहमती साधणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

इतरांचे अनुभव

अशी व्यवस्था भारतातील एखाद्या राज्याला पेलेल काय, या शंकेचे उत्तर सुरतेने दिले आहे. तेथे २०१९ मध्ये गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुरातील धूलिकणांचा बाजार सुरू केला. शहरातून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांना एकूण मर्यादा घालण्यात आली, धुराड्यांवर अखंड मोजणी करणारी यंत्रे बसली आणि ज्याने धूर कमी केला त्याला उरलेला परवाना विकता येऊ लागला. सहभागी कारखान्यांतील धूलिकण इतरांच्या तुलनेत वीस ते तीस टक्क्यांनी घटले. हे कारखाने बहुतांशी कापडाचे होते. सोलापूरच्या रंगणीगृहांनी या अनुभवाकडे लक्ष द्यावे, ते त्यासाठीच.

दुसरा धडा सावधगिरीचा आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये कर्बकर लावला व इतर कर कमी करून तो पैसा लोकांना परत दिला. पुढे दर चढत गेले, लोकमत विरोधात गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरील हा कर रद्द करावा लागला. कर दररोज पंपावर दिसतो, परतावा मात्र कागदावर राहतो, अशी भावना झाली की चांगले धोरणही टिकत नाही.

तिसरा धडा साखर कारखान्यांना ठाऊक आहे. क्योटो कराराच्या काळात उसाच्या चिपाडावरील वीजनिर्मितीच्या प्रकल्पांना भारतात कर्बपतपत्रे मिळत. २०१२ नंतर जागतिक बाजारात त्यांची किंमत एक युरोच्याही खाली गेली. ज्या मूल्यावर उद्या भरवसा नाही, त्याच्या आधारावर कोणी बॉयलर बदलीत नाही.

सोलापूरची वाट

सोलापूरच्या पूर्व भागात चादरी व टॉवेल विणणाऱ्या मागांची खटखट थांबली तर हजारो घरांच्या चुली थंड होतील. म्हणून कर्बमूल्याची पहिली अट ही की, त्याचा भार मागावरील कामगाराच्या मजुरीतून वसूल होता कामा नये. त्याचा पैसा मागाच्या छपरावरील सौर तावदानांसाठी, कमी वीज खाणाऱ्या मोटारींसाठी आणि रंगणीगृहांच्या सुधारलेल्या बॉयलरसाठी त्याच शहरात परत यावा.

शेतीच्या बाबतीत ही वाट आधीच खुली झाली आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्यात येते. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरविण्यात आले. या प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. रात्री दोन वाजता पंप सुरू करण्यासाठी विंचूकाट्याची भीती बाळगीत शेतात जाणाऱ्या माणसाला स्वच्छ ऊर्जेचा अर्थ व्याख्यानातून समजावून सांगावा लागत नाही. दिवसा वीज आली, एवढ्याने तो समजतो.

सोलापूरचे ऊन हे आजवर दुष्काळाचे सोबती मानले गेले. त्याच उन्हावर आता माग आणि पंप चालू शकतात. कोळशाला त्याचे खरे मोल लावावे, ते निश्चित दराने व हळूहळू वाढवावे, आणि त्यातून आलेला प्रत्येक रुपया कोठे खर्च झाला याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या व वीज कार्यालयाच्या फलकावर दरवर्षी लागावा. असा हिशेब ज्याला वाचता येईल, तो सीनाकाठचा शेतकरी या धोरणाचा विरोधक न राहता त्याचा राखणदार होईल.