नार्नियाचा उगम आणि डिगरीची आई

सी. एस. लुइस यांच्या नार्निया-मालेतील ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. सात पुस्तकांत प्रकाशनक्रमाने ती सहावी, कथाक्रमाने मात्र पहिली. अंधारात अस्लान हा सिंह गाऊ लागतो आणि त्या गाण्यातून तारे, डोंगर, गवत व प्राणी प्रकटतात, हे वर्णन वाचकांच्या स्मरणात राहते. (अँड्र्यूमामांची फजिती थोडी लांबली आहे, ते असो.) परंतु कथेचा जीव दुसरीकडे आहे. डिगरीची आई लंडनमध्ये मरणपंथाला लागली आहे. तो अस्लानकडे तिच्यासाठी याचना करतो आणि वर पाहतो, तो सिंहाच्याच डोळ्यांत अश्रू. वचन मात्र मिळत नाही. मिळते ते दूरच्या बागेतून सफरचंद आणण्याचे काम. तेथे जेडिस ही चेटकीण, ते फळ परस्पर आईला न्यावे, असा मोह त्याला घालते. तो फळ अस्लानच्याच हाती देतो. पुढे अस्लानच्या अनुज्ञेने मिळालेल्या दुसऱ्या सफरचंदाने आई बरी होते.

लुइस यांची आई १९०८ साली कर्करोगाने वारली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. तिच्यासाठी आपण केलेल्या प्रार्थनांविषयी त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ते आत्मचरित्रही १९५५ सालचेच.