मास्तरांचा रोस्टर कोण लावणार?

(वाराणसी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या सभेत युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



शिक्षक संघटनांच्या आंदोलनाला पाठिंबा देण्याचा ठराव आज आपल्यापुढे आहे. ठराव वाचण्याआधी जी कुजबुज माझ्या कानावर आली तिच्याबद्दल बोलतो. "मास्तरांना कसला आलाय बोजा? पाच-सहा तास शाळा आणि वर उन्हाळ्याची सुटी!" बोलणारे आपलेच लोक आहेत, म्हणून उत्तर दिले पाहिजे.

आपल्या रोस्टरपासून सुरुवात करू. १९४६-४७ च्या सुमारास न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्यापुढे टपालवाल्यांचाही तंटा गेला आणि रेल्वेवाल्यांचाही. रेल्वेच्या निवाड्यात इंटेन्सिव्ह कामाला आठवड्याचे ४५ तास, कंटिन्युअसला ५४ आणि इंटरमिटंटला ७५ तास अशी हद्द पडली. ७५ तास हा जुलूमच होता. पण हद्द लिहिलेली होती, म्हणून पुढे भांडून ती खाली ओढता आली. टपालातही कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे मोजायला बेवूर टाइम टेस्ट आली. तिच्यावर आपण कितीही टीका करू, पण काम मोजायचे असते हे खात्याला त्यात मान्य करावे लागले.

आता मास्तरांकडे पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाला आठवड्याला किमान ४५ तास काम सांगितले आहे, पाठाची तयारी धरून. किमान! जास्तीत जास्त किती, हे त्यात नाही. आणि आपल्याच घरातले सांगतो. रेल्वे कायदा १९८९, कलम १३० उघडा. रेल्वे शाळांतील शिक्षकवर्ग 'एक्स्क्लुडेड' धरला आहे, म्हणजे तासांच्या नियमांतून बाहेर.

त्याच शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ म्हणते की जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक काम देऊ नये. पण कायद्याच्या दारातून जे येत नाही ते पोर्टलच्या खिडकीतून येते. इथल्या सरकारी शाळेत गणवेशाचे पैसे पालकांच्या खात्यात जातात; आधार जुळले का, खाते चालू आहे का, हे मास्तरच पाहतो. आपल्या महाराष्ट्रात २०२३ साली निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला तो याच कलमाच्या आधारावर.

काम न मोजल्याने काय होते ते याच प्रांताने २०२१ साली पाहिले. करोनाच्या लाटेत एप्रिलमध्ये पंचायत निवडणुका झाल्या. वाराणसी जिल्ह्याचे मतदान १९ एप्रिलला होते. मे महिन्यात प्राथमिक शिक्षक संघाने निवडणूक ड्यूटीनंतर दगावलेल्या १,६२१ शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी दिली. सरकारने सांगितले, तीन. हिशोब असा होता की घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतच ड्यूटी. रोग त्या वेळात जडतो आणि माणूस आठ-दहा दिवसांनी जातो, हे त्या हिशोबात बसत नव्हते. ओरड झाल्यावर ३० दिवसांची मुदत धरली गेली आणि घरच्यांना ३० लाख रुपयांच्या मदतीचा मार्ग मोकळा झाला. ड्यूटी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, या एका ओळीवर कितीतरी घरांचे भवितव्य लटकले होते. अपघाताच्या भरपाईसाठी हेलपाटे घातलेल्या गँगमनच्या बायकोला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मग जुलै २०२४ आला. टॅबवर चेहरा दाखवून हजेरी लावण्याचा हुकूम ८ तारखेपासून लागू झाला. शिक्षकांनी काळ्या फिती लावल्या, हजेरी नाकारली आणि १६ जुलैला सरकारने हुकूम स्थगित करून समिती नेमण्याचे ठरवले. इथे मी स्पष्ट बोलतो, शिक्षक मित्रांना राग आला तरी चालेल. नुसता हजेरीला विरोध मला पटत नाही. आपला ड्रायव्हर मिनिटाला साइन ऑन करतो. पण त्याला साइन ऑफही आहे, आणि तास उलटले तर ओव्हरटाइम आहे. मास्तराचे येणे-जाणे घड्याळाने मोजायचे आणि रात्री घरी बसून भरलेले तक्ते मोजायचेच नाहीत, हा कुठला न्याय? त्यांनी त्या वेळी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा आणि अर्जित रजा मागितली, ती मागणी सोळा आणे खरी होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी इथे सुरू झाली. बूथ अधिकाऱ्यांत शिक्षकांचा भरणा मोठा. घरोघर फॉर्म वाटणे, गोळा करणे, मोबाइलवर चढवणे, आणि वर निलंबनाची भीती. अनेक राज्यांतून या कामावरील लोकांच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जादा माणसे देऊन या लोकांचे तास कमी करायला सांगितले. तास कमी करा, असे न्यायालयाने सांगितले खरे; पण किती तासांवरून किती, याची वही कुठल्या शाळेत आहे?

म्हणून ठरावात पाठिंब्यासोबत एक ओळ मी घातली आहे: प्रत्येक शाळेत शिक्षकांनी वर्गाबाहेरच्या कामाची तारीखवार नोंद ठेवावी, आणि तिचा नमुना आपल्या शाखेने छापून द्यावा. खर्च फार नाही. रोस्टर लिहिण्यात ज्यांचा हात बसला आहे असे दोन साथी त्यांच्याकडे पाठवू.

शिक्षक संघाचे दोन प्रतिनिधी बाहेर बसले आहेत. त्यांना आत बोलावतो. गेल्या आठवड्यात वर्गाबाहेर किती तास गेले ते त्यांना विचारा, आणि मग हात वर करायचा की नाही ते ठरवा.