मॉन्टिसेलो : एका वास्तूचा जमाखर्च

(भाषणाची संहिता)



सुंदर वास्तू पाहताना इतरांचे नेत्र सुखावतात. वहीखात्यांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याच्या मनात मात्र तिचा जमाखर्चही उभा राहतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात टेकडीवर वसलेल्या ‘मॉन्टिसेलो’विषयी मी याच दृष्टीने बोलणार आहे.

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी वडिलोपार्जित जमिनीवर १७६९ मध्ये या घराचे बांधकाम आरंभिले. इटालियन वास्तुविशारद पल्लादिओ यांचे ग्रंथ हेच त्यांचे गुरू. फ्रान्समधून परतल्यावर १७९६ पासून त्यांनी घराचा विस्तार केला व त्यावर घुमट चढविला. १८०९ च्या सुमारास काम पुरे झाले. तीन मजले असूनही बाहेरून ते एकमजली भासते. प्रवेशदालनातील घड्याळाची वजने खाली उतरताना वार दर्शवितात. भिंतीची उंची अपुरी पडली, तेव्हा जमिनीला छिद्रे पाडून शनिवार तळघरात नेला!

स्वयंपाकघर व कोठारे गच्च्यांखाली, टेकडीच्या उतारात दडविली होती. त्यामुळे घरातून परिसराचे निर्वेध दर्शन घडे. आणि राबणारे हातही दृष्टीआड राहत.

ते हात गुलामांचे होते. मनुष्यमात्राच्या समतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सन यांनी आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे गुलामीत ठेवली. खिळ्यांच्या कारखान्यात कोवळी मुले राबत, तर सूतकताई व विणकाम स्त्रिया आणि मुली करीत.

जेफर्सन दैनंदिन खर्च काटेकोरपणे टिपून ठेवीत. तरीही कर्ज वाढतच गेले. सासऱ्यांकडून आलेले देणे, खर्चिक राहणी आणि एका मित्राच्या वीस हजार डॉलरच्या कर्जाला दिलेली जामीनकी यांनी ते खचले. ४ जुलै १८२६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा देणे एक लाख डॉलरच्या वर होते. जानेवारी १८२७ मध्ये १३० गुलाम लिलावास काढले गेले. कुटुंबांची ताटातूट झाली. कर्ज मालकाचे, फेड मात्र त्या निरपराधांच्या आयुष्यांनी झाली.

पुढे १८३४ मध्ये नौदल अधिकारी उरिया लेव्ही यांनी ही वास्तू विकत घेतली व सावरली. १९२३ मध्ये ती एका विश्वस्त संस्थेकडे आली आणि १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. आज तेथे घुमटाइतक्याच आस्थेने गुलामांच्या वसाहतीचा इतिहासही सांगितला जातो.

मित्रहो, वास्तू सांभाळणे हे विश्वस्तांचे अर्धे काम होय. ती कोणाच्या श्रमांवर उभी राहिली याची नोंद राखली, तरच ताळेबंद जुळतो.