मिनेसोटातली गरी

मासे खाण्यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. मी आज मासे धरण्यावर बोलणार आहे, आणि तेही इथल्या नव्हे, अमेरिकेतल्या. माझी मुलगी मिनेसोटा राज्यात राहते. 'दहा हजार तलाव' असं त्या राज्यातल्या मोटारींच्या नंबरपाटीवरच छापलेलं असतं, आणि प्रत्यक्षात तलाव त्याहूनही जास्त आहेत. २०१४ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा तिथं गेलो. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर. नातू सात वर्षांचा, त्याच्या शाळेला जूनमध्ये सुट्टी लागली. घरापासून दहा मिनिटांवर तलाव. कुडाळजवळच्या नदीकाठी लहानपण गेलेल्या माणसाला आणखी काय हवं? परगावच्या माणसाला काही दिवसांचा परवाना मिळतो, तो मी काढला. आमच्याकडे याला गरवणं म्हणतात. गरी घेऊन बसायचं.

तिथल्या पोरांचा पहिला मासा बहुतेक वेळा ब्लूगिल असतो. सनफिश नावाच्या गोड्या पाण्यातल्या कुळातला हा मासा. (समुद्रात एक अवाढव्य सनफिश असतो, त्याच्याशी याचं काही नातं नाही.) आकार आपल्या चिलापीसारखा, चपटा आणि पसरट, बहुधा तळहाताएवढा. कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका, जणू कान. त्याच कुळातल्या पम्पकिनसीडच्या कानाला लालकेशरी टिकली असते, तो दिसायला जास्त देखणा. आठ इंची ब्लूगिल मिळाला की माणूस खूश, दहा इंची मिळाला तर फोटो काढतात. विक्रमी मासा १९५० साली अलाबामात मिळाला, दोन किलोंहून थोडा अधिक वजनाचा. तसला मासा पाहायचं भाग्य माझं नाही.

आता साहित्य. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मोठा गळ. ब्लूगिलचं तोंड बारीक, जेमतेम वाटाणा जाईल एवढं. आठ किंवा दहा नंबरचा गळ घ्यावा. इथं गणित उलटं आहे, आकडा वाढला की गळ लहान होतो. दांडा लांब असलेला गळ बरा, कारण हा मासा आमिष पार घशात नेतो आणि मग सोडवताना दोघांचेही हाल होतात. तंगूस दोन ते चार पौंड ताण सोसणारी, म्हणजे अगदी केसासारखी. बूच जितकं लहान तितकं चांगलं. दुकानात लालपांढरे चेंडूएवढे गोळे मिळतात, ते पोरांना आवडतात, पण मासा ते ओढताना बिचकतो आणि आमिष टाकून देतो. वजनाला शिसं लावू नये. तिथं लून नावाचा पाणपक्षी आहे, राज्याचा मानाचा पक्षी. शिशाचे तुकडे गिळून ते मरतात. कथलाचं किंवा पोलादाचं वजन मिळतं, ते वापरावं.

आमिष गांडुळाचं. पण अख्खं गांडूळ लावून टोकं लोंबत ठेवली की मासा टोक कुरतडतो आणि जातो. गळ झाकेल एवढाच तुकडा लावायचा. आणि मग थांबायचं. ब्लूगिल झडप घालत नाही. तो जवळ येतो, बघतो, पाण्याबरोबर आमिष तोंडात ओढतो आणि पसंत नसलं तर तसंच बाहेर फेकतो. हे सगळं एका क्षणात. त्यामुळे बूच खाली जायची वाट पाहत बसलात तर उशीर झालेला असतो. बूच थरथरलं, किंवा वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला सरकलं, की काठी नुसती उचलायची. हिसका मारायचा नाही, त्याचे ओठ नाजूक असतात. माझ्या नातवाला हे दोन दिवसांत जमलं. मला आठवडा लागला, कारण माझ्या हातात शिंगटीची सवय. शिंगटी आमिष घेऊन पळते.

मासा धरताना हात ओले करायचे आणि तळवा डोक्याकडून शेपटीकडे फिरवत पाठीचे काटे दाबून टाकायचे. एकदा उलटा हात फिरवून बघा, पुन्हा सांगावं लागणार नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला घबाड सापडलं. तलावाच्या एका उथळ कोपऱ्यात, गुडघा-कमरेएवढ्या पाण्यात, तळाशी गोल गोल आळी दिसली. माडाच्या बुंध्याशी आपण आळं करतो ना, तशीच. परातीएवढी, एकाला एक लागून, तीस-चाळीस तरी असतील. प्रत्येक आळ्यावर एक दणकट मासा, छातीला तांबूस-केशरी रंग चढलेला. गरी पडायचा अवकाश, मासा लागलाच. दोन तासांत वीस मासे झाले. राज्याची मर्यादाच तेव्हा माणशी वीस होती. एकही आठ इंचांखाली नव्हता. त्या रात्री रवा लावून तळले. मुलगी म्हणाली, "बाबा, बांगड्याची आठवण आली नाही." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र काय असतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथं गेलो. शेजारचे एक वयस्क गृहस्थ आपल्या धक्क्यावर बसले होते. आदल्या दिवशीही त्यांनी आम्हाला पाहिलं असावं. रागावले नाहीत. नातवाला जवळ बोलावून म्हणाले, "त्या आळ्यात बघ." आळं रिकामं होतं, म्हणजे मोठा मासा नव्हता. पण बोटाएवढे पंधरा-वीस मासे तळाशी टोचा मारत होते. अंडी खात होते. शेजारच्या एका आळ्यावर मोठा मासा शिल्लक होता, तो शेपटीने वारा घालावा तसा पाणी हलवत होता आणि कुणी जवळ आलं की धावून जात होता.

नातवाने विचारलं, "आजोबा, काल आपण कोणाला खाल्लं?"

त्या गृहस्थांनी सांगितलं ते असं. पाणी साधारण वीस अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की नर उथळात येऊन शेपटीने आळं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढचे काही दिवस, पिल्लं पोहायला लागेपर्यंत, नर एकटा राखण करतो. आमच्या गळाला ते भुकेनं लागले नव्हते. ते घुसखोराला हाकलत होते.

आणि गोष्ट तिथं संपत नाही, हे मी पुढं वाचलं. तलावात मोठे नर असतात तोवर लहान नरांना आळ्याची जागा मिळत नाही. ते वाट पाहतात, म्हणजेच खातात आणि वाढतात. मोठे नर माणसांनी उचलले की लहान नर कमी वयातच वयात येतात, आणि मग त्यांची ताकद अंगाऐवजी वंशवाढीत जाते. असं काही वर्षं चाललं की तलावात मासे हजारो राहतात, पण सगळे चार-पाच इंची. उत्तरेकडच्या थंड पाण्यात ब्लूगिल वर्षाला जेमतेम इंचभर वाढतो. म्हणजे मी तळलेले ते मासे माझ्या नातवाएवढ्या वयाचे होते. मिनेसोटात आता अनेक तलावांवर वीसची मर्यादा पाच किंवा दहावर आणली आहे, ती याच कारणासाठी.

श्रोतेहो, मला त्या धक्क्यावर उभं असताना आमचा ओढा आठवला. मृगाचा पाऊस लागला की चढणीचे मासे यायचे. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात, अंडी घालायला. मळये, खवळे, शिंगट्या. रात्री बत्ती घेऊन आम्ही बांधावर. रायगडकडे यालाच वलगण म्हणतात. गाबोळीनं भरलेला मासा मिळाला की आई खूश व्हायची. तो अंडी घालायला चालला आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर आम्ही वाटेत बसायचो. आज त्या ओढ्याला पहिल्या पावसात चार मासे चढले तर गावात बातमी होते. सगळा दोष चढणीवरच्या मासेमारीचा नाही. ओढ्यावर सिमेंटचे बांध झाले, डोहात ब्लीचिंग पावडर टाकणारे निघाले. पण आम्हीही काही टोपल्या उचलल्या आहेत, आणि ते मी कोणाच्या नावावर लिहू?

तेव्हापासून आमचा नियम असा. जूनमध्ये आळ्यांवर बसायचंच झालं तर धरायचं आणि तिथल्या तिथे सोडायचं, पाण्याबाहेर फार वेळ ठेवायचं नाही. खायचे मासे जुलैनंतर. तेव्हा मोठे मासे खोल जातात, पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला, दहा-पंधरा फुटांवर. त्याला सरकतं बूच लागतं, म्हणजे दोरीला गाठ मारून हवी ती खोली ठरवता येते. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं. खायला सहा-सात इंची चार-पाच मासे पुरतात, आणि त्याहून मोठा लागला तर त्याला परत जाऊ द्यावं. चवीत मला फरक जाणवलेला नाही, कापायला मात्र कटकट जास्त.

मासा परत सोडायचा तो मात्र त्याच पाण्यात. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानच्या युवराजांना ब्लूगिल भेट दिले. ते तिथल्या तलावांत पसरले आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठले. २००७ मध्ये, सम्राट झालेल्या त्याच युवराजांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्या धरणांतली चिलापीही अशीच बाहेरून आलेली.

उरलेल्या गांडुळांचंही तसंच. पहिल्या वर्षी मी ती झाडाखाली सोडायला निघालो, पुण्य म्हणून. नातवानं हात धरला. मिनेसोटातल्या रानांत मूळची गांडुळं नाहीत. बाहेरून आलेली गांडुळं तिथला पालापाचोळा फस्त करतात आणि रानातली रोपटी मरतात. म्हणून उरलेली गांडुळं कचऱ्याच्या डब्यात टाकायची. शेतकऱ्याचा मित्र कचऱ्यात टाकताना माझा हात अजूनही अडखळतो.

नातू आता मोठा झाला, त्यालाही परवाना लागतो. गेल्या जूनमध्ये त्यानं मला तलावाच्या तळाचा फोटो पाठवला. आळीच आळी. मी विचारलं, "किती धरलेस?" म्हणाला, "आजोबा, अजून राखण चालू आहे. जुलैत सांगतो."