महाडच्या नोंदीची राखण



आजचा विषय स्मरणिकेच्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा वाटेल. विकिपीडिया हा इंटरनेटवरील ज्ञानकोश इंग्रजीत २००१ साली आणि मराठीत २००३ साली सुरू झाला. त्यात महाडसारख्या लहान गावाचीही नोंद असते, आणि ती कोणालाही बदलता येते. कोणालाही म्हणजे जाणकारालाही आणि ऐकीव माहितीवाल्यालाही. मुंबईच्या नोंदीवर असंख्य लोकांचे लक्ष असते. लहान गावाच्या नोंदीत चूक शिरली तर ती काढणार कोण? मुले तीच भाषणासाठी उतरवून घेतात, कोणी लेखात छापतो, आणि पुढे त्याच लेखाचा दाखला नोंदीला जोडला जातो. खोट्याला असा पुरावा मिळतो.

महाडबद्दल सर्वांत जास्त घोटाळा तारखांचा होतो. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. मनुस्मृतीचे दहन झाले ते त्याच वर्षी २५ डिसेंबरला. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या असे सांगणारे आजही आम्हाला भेटतात. डिसेंबरमध्ये पुन्हा तळ्याचे पाणी घेतले, असेही सांगतात. वास्तविक तेव्हा दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम होता आणि परिषदेने सत्याग्रह तहकूब केला. खटला मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूने लागला. ही दहा वर्षे गाळली तर कोर्टातली सगळी झुंज पुसली जाते. आणखी एक बारीक गोष्ट. १९२७ च्या हकिकतीत ‘रायगड जिल्हा’ लिहू नये. तेव्हा तो कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली आले.

आता थोडे कडू बोलतो. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला, तेव्हा सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष होते. मनुस्मृती दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्याबरोबर अनंतराव चित्रे परिषदेसाठी राबले. रागाच्या भरात यातली काही नावे गाळावीत असे आपल्यातल्या काहींना वाटते. आम्हाला ते मान्य नाही. पण परिषदेच्या प्रतिनिधींवर झालेल्या मारहाणीला ‘किरकोळ वाद’ म्हणणाऱ्यालाही सोडता कामा नये. दोघेही नोंद बिघडवतात.

दुरुस्ती करणे अवघड नाही. प्रत्येक नोंदीवर ‘इतिहास पहा’ असते. कोणता शब्द केव्हा बदलला ते तिथे दिसते, जुना मजकूर परत आणता येतो. मतभेद असेल तर ‘चर्चा’ पानावर मांडावा, मजकुराची ओढाताण करू नये. मुख्य अट म्हणजे प्रकाशित आधार. “आमचे आजोबा सांगायचे” एवढ्यावर तिथे भागत नाही, आणि ती अट योग्यच आहे. ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे पाणी घेतल्यावर दोनच आठवड्यांनी, निघाले. त्याचे अंक महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापले आहेत. त्यातला पृष्ठक्रमांक द्यावा.

नवीन माहितीचीही काळजी हवी. लोकसंख्येचा आकडा २०११ च्या जनगणनेचा असेल तर तसे साल लिहावे, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. सावित्रीवरील पूल २ ऑगस्ट २०१६ रोजी वाहून गेला, जुलै २०२१ मध्ये महापूर आला. यांची नोंद हवीच, मात्र त्यांच्या भरात १९२७ चा मजकूर आखडू नये.

विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा नोंद उघडून मागील बदल वाचावेत. ज्यांच्या घरी त्या परिषदांची पत्रके, पत्रे किंवा छायाचित्रे असतील त्यांनी ती संस्थेच्या वाचनालयात दाखवावीत. झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत देऊ.